मोठी मिरी : न्यूहेवनचे मच्छीमार आणि विद्यार्थी डार्विन

चार्ल्स डार्विनने आपले आत्मचरित्र १८७६ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, मुलांनी आणि पुढेमागे नातवंडांनी वाचावे म्हणून लिहिले. एडिंबरा येथे वैद्यक शिकत असतानाच्या दिवसांना त्यात थोडीच पाने मिळाली आहेत. त्या पानांत एक नोंद येते. न्यूहेवन गावच्या काही मच्छीमारांशी त्याची मैत्री जमली होती. ते कालवे काढायला खाडीत जात तेव्हा तोही कधीकधी त्यांच्या होडीतून जाई, आणि त्यामुळे त्याला प्राण्यांचे पुष्कळ नमुने मिळत. नोंद एवढीच. मच्छीमार किती होते, कोण होते, त्यांना कोणत्या नावाने हाक मारीत, यांपैकी काहीही तीत नाही. त्याच पानांवर प्राध्यापकांची आणि सहाध्यायांची नावे मात्र आहेत : जेम्सन, मन्रो, ग्रँट, कोल्डस्ट्रीम, ऐन्सवर्थ.

'बीगल' जहाजावरचा पाच वर्षांचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. तो १८३१च्या डिसेंबरात सुरू झाला. त्याआधी चार-पाच वर्षे घडलेल्या या खाडीतल्या लहान प्रवासांकडे पाहण्याचा आमचा येथे विचार आहे. एका विद्यार्थ्याचे होडीतून समुद्रजीव पाहायला जाणे, एवढाच हा विषय वरवर पाहता दिसतो. पण ती होडी कोणाची होती, ती नेमकी कोठे जाई, तिच्यात काय वर येई आणि वर आलेल्या गोष्टीला नाव कोण देई, हे प्रश्न विचारू लागलो की ज्ञानाच्या इतिहासातील एक जुना हिशेब उघडतो. तो आजही पुरता मिटलेला नाही असे आम्हांला वाटते.

१८२५च्या ऑक्टोबरात डार्विन एडिंबरा येथे आला तेव्हा तो १६ वर्षांचा होता. वडील श्रूजबरीचे नामांकित वैद्य. मुलाने तोच मार्ग धरावा ही त्यांची इच्छा. थोरला भाऊ इरॅस्मसही बरोबर होता. दोघे विद्यापीठाला लागून असलेल्या लोथियन स्ट्रीटवर खोल्या घेऊन राहिले. अभ्यासाने मात्र चार्ल्सची निराशा केली. हिवाळ्यातल्या सकाळी आठ वाजता होणारी औषधींवरची व्याख्याने, मन्रो यांचे शरीरशास्त्राचे कंटाळवाणे तास, आणि रुग्णालयात पाहिलेल्या दोन शस्त्रक्रिया. त्यांतली एक लहान मुलावरची होती. क्लोरोफॉर्मचा वापर एडिंबरा येथेच १८४७ साली सुरू व्हायचा होता. १८२६ साली रुग्ण शुद्धीवर असतानाच सुरी चाले. डार्विन दोन्ही वेळा मध्येच उठून गेला, आणि पुन्हा त्या दालनात पाऊल टाकायला त्याला कोणताही आग्रह पुरला नाही.

दुसऱ्या वर्षी भाऊ सोबत नव्हता. वर्गात मन नाही आणि वेळ मोकळा, अशा अवस्थेत त्याला समविचारी मुले भेटली. प्लिनियन सोसायटी ही विद्यार्थ्यांची निसर्गविषयक सभा १८२३ साली स्थापन झाली होती. ती विद्यापीठाच्या एका तळघरासारख्या खोलीत भरे. १८२६च्या नोव्हेंबरात डार्विन तिचा सभासद झाला. तेथे त्याची गाठ रॉबर्ट ग्रँट याच्याशी पडली. ग्रँट त्याच्याहून सोळा वर्षांनी मोठा, वैद्यकाची पदवी घेतलेला, पॅरिसला जाऊन आलेला आणि लामार्कच्या विचारांचा उघड चाहता. समुद्रातील अगदी साध्या शरीररचनेच्या जीवांमध्ये त्याला प्राणिसृष्टीचा उगम शोधायचा होता. हिवाळ्यात तो प्रेस्टनपॅन्स येथे, खाडीच्या अगदी काठावरच्या घरात राहून सूक्ष्मदर्शकाखाली स्पंज न्याहाळीत असे.

ही मंडळी भरती-ओहोटीच्या वेळा साधून किनाऱ्यावर हिंडत. कधी बेटांवरही जात. ऐन्सवर्थ याने पुढे सांगितलेल्या आठवणींत आइल ऑफ मे या बेटावरची सहल येते, आणि परतीला उशीर झाल्याने इंचकीथ बेटावरच्या दीपगृहात काढावी लागलेली एक रात्रही येते. अशा सहलींना मौजेचे अंग होते. मच्छीमारांच्या होडीत बसणे ही गोष्ट त्याहून वेगळी. तेथे सहल नव्हती, कामाचा दिवस होता, आणि विद्यार्थी हा त्या कामातला पाहुणा होता.

न्यूहेवन हे गाव एडिंबरा शहराच्या उत्तरेला, लीथ बंदराच्या पश्चिमेस फर्थ ऑफ फोर्थच्या दक्षिण काठावर वसलेले आहे. फर्थ म्हणजे नदीच्या मुखाशी समुद्राने आत घेतलेली रुंद खाडी. चौथ्या जेम्स राजाने सोळाव्या शतकाच्या आरंभी येथे जहाजबांधणीचा कारखाना काढला आणि 'ग्रेट मायकल' हे त्या काळचे प्रचंड जहाज येथून १५११ साली पाण्यात उतरले. राजाची जहाजे गेली, गाव मासेमारीवर राहिले. मच्छीमारांची स्वतःची संघटना होती, खाडीतल्या कालवांच्या पट्ट्यांवर तिचा हक्क होता, आणि या हक्कासाठी प्रेस्टनपॅन्सच्या मच्छीमारांशी पिढ्यान् पिढ्या भांडणे चालत. पुरुष समुद्रावर जात. माल शहरात नेऊन विकणे आणि पैसा हाती ठेवणे हा बायकांचा प्रांत. पट्ट्यापट्ट्यांचे अनेक घागरे एकावर एक नेसून, पाठीवरच्या टोपलीचा पट्टा कपाळावर घेऊन त्या एडिंबराचा चढ चढत आणि 'कॅलर ऊ', म्हणजे ताजी कालवे, अशी आरोळी देत गल्लोगल्ली फिरत. आपल्याकडच्या कोळणींची आठवण मराठी वाचकाला येथे होणारच.

कालवे काढण्याचे साधन म्हणजे ड्रेज. लोखंडी चौकट, तिच्या खालच्या कडेला तळ खरवडणारे धारदार पाते आणि मागे बांधलेली जाळीची पिशवी. दोरीला बांधून ती तळाशी सोडायची आणि होडी वल्हवीत ओढायची. ओढण्याचा वेग सारखा राहावा म्हणून वल्हेकरी गात. फोर्थच्या खाडीत या कामाची स्वतंत्र गाणी होती, आणि गाणे ऐकल्याशिवाय कालवे ड्रेजमध्ये येत नाहीत असे गमतीने म्हटले जाई. त्यात सत्य इतकेच होते की लय बिघडली तर ड्रेज उसळते किंवा गाळात रुतते. कालवांचे पट्टे पाण्यावरून दिसत नाहीत. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, दुसऱ्या दिशेच्या दोन खुणा दुसऱ्या रेषेत, आणि जेथे रेषा छेदतात तेथे ड्रेज टाकायचे, ही मच्छीमारांची रीत. हा नकाशा कोठे छापलेला नव्हता. तो बापाकडून मुलाकडे येई.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली कालगणनेची. कालवे उन्हाळ्यात विणीच्या काळात काढीत नसत. हंगाम साधारण सप्टेंबर ते एप्रिलचा. विद्यापीठाचे सत्र ऑक्टोबर ते एप्रिलचे. म्हणजे विद्यार्थी शहरात असत नेमके त्याच महिन्यांत होड्या खाडीत जात. डार्विनला हिवाळ्यात समुद्राचा तळ पाहायला मिळाला, तो दोन पंचांगांच्या या जुळणीमुळे. दुसरी गोष्ट व्यवहाराची. ड्रेज वर आले की त्यात कालवांबरोबर पुष्कळ काही येई : रिकामे शिंपले, त्यांवर चिकटलेले जीव, तारामासे, कृमी, शेवाळासारखे दिसणारे फांद्याफांद्यांचे झुपके, समुद्रगोगलगायी. मच्छीमाराच्या दृष्टीने कालवाला भाव होता, बाकीचे होडीबाहेर फेकायचे. विद्यार्थ्याला नेमके ते बाकीचेच हवे होते. एकाच पिशवीवर दोघांचा डोळा होता आणि तरीही कोणाचे कोणाशी भांडण नव्हते. त्या मैत्रीचा पाया आम्हांला यात दिसतो. ज्याला बाजारात किंमत नव्हती ते सगळे होडीने विद्यार्थ्याच्या ओंजळीत टाकले, आणि त्या फेकण्याजोग्या मालातून प्राणिशास्त्र उभे राहिले.

त्या काळचा मोठा प्रश्न असा होता की, समुद्रातल्या या झुपक्यांना वनस्पती म्हणायचे की प्राणी. ग्रँटने स्पंजाच्या छिद्रांतून पाण्याचा प्रवाह बाहेर पडताना पाहिला होता आणि स्पंज हा प्राणी आहे हे त्याने दाखवून दिले होते. डार्विनने फ्लस्ट्रा हा जीव हाती घेतला. वाळक्या पानासारख्या दिसणाऱ्या या पापुद्र्यात शेकडो सूक्ष्म प्राणी खोल्या करून राहतात. त्याच्या ज्या 'अंड्यां'विषयी लिहिले जाई, ती सूक्ष्म रोमांच्या साहाय्याने आपली आपण पोहताना डार्विनला दिसली. ती अंडी नसून डिंभ, म्हणजे पोहती पिले, होती.

दुसरा शोध आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा. डार्विनची त्या काळातली एक वही सुदैवाने टिकून आहे. १८२७च्या मार्चमध्ये त्याने तीत लिहिले आहे की, कालवांच्या आणि इतर जुन्या शिंपल्यांवर काळे गोल दाणे चिकटलेले आढळतात आणि मच्छीमार त्यांना 'मोठी मिरी' म्हणतात. निसर्गअभ्यासकांची समजूत अशी होती की हे दाणे म्हणजे फ्यूकस लोरियस या समुद्रशेवाळाची बाल्यावस्था. समजूत अगदीच निराधार नव्हती, कारण ते शेवाळ सुरुवातीला गुंडीसारखेच दिसते. डार्विनने दाणे उघडून पाहिले तेव्हा आत वनस्पती निघाली नाही. ते पाकटाच्या जातीच्या स्केट माशाला चिकटून रक्त पिणाऱ्या एका समुद्री जळवेच्या अंड्यांचे कवच होते. त्या जळवेचे शास्त्रीय नाव पोंटोब्डेला म्युरिकाटा.

'मोठी मिरी' या शब्दाशी आम्ही क्षणभर थांबलो. मिरी मूळची मलबारच्या किनाऱ्याची. शतकानुशतके जहाजांतून पश्चिमेला जाऊन ती उत्तर समुद्राकाठच्या मच्छीमारांच्या बोलण्यात इतकी मुरली की समुद्रतळावरून वर आलेल्या एका दाण्याला नाव देताना त्यांना तीच आठवली. पण त्याहून महत्त्वाचे हे की, या दाण्याला नाव होते. ज्याला बाजारात कवडीची किंमत नाही, त्यालाही होडीतल्या माणसांनी पाहिले होते, इतरांपासून वेगळे काढले होते आणि शब्द दिला होता. ती जळवेची अंडी आहेत हे त्यांना ठाऊक होते असे म्हणायला आधार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. दाणा फोडून तो सूक्ष्मदर्शकाखाली धरणे हे विद्यार्थ्याचे काम होते आणि ते त्याने चोख केले. मात्र त्याआधी दाणा कोठे सापडतो, कशाला चिकटलेला असतो, तो वारंवार दिसतो की क्वचित, हे सारे त्या दोन शब्दांच्या मागे उभे होते. विद्वानांच्या नावात तो दाणा चुकीच्या सृष्टीत जाऊन पडला होता. मच्छीमारांच्या नावाने असा काही दावाच केला नव्हता. ते केवळ दिसले तसे बोलले होते.

आता या शोधाच्या श्रेयाचे काय झाले ते पाहू. फ्लस्ट्राच्या पोहत्या डिंभांची बातमी घेऊन डार्विन धावत ग्रँटकडे गेला. ग्रँट स्वतः त्याच जीवावर काम करीत होता. आपल्या विषयात हात घालणे योग्य नव्हे आणि डार्विनने हे छापले तर आपल्याला ते रुचणार नाही, असे त्याने सुनावले. ही हकीकत डार्विनच्या मुलीने पुढे नोंदवून ठेवली आहे. मार्च १८२७च्या २४ तारखेला ग्रँटने वर्नेरियन सोसायटीपुढे या विषयावर निवेदन केले. तीन दिवसांनी, २७ तारखेला, डार्विनने प्लिनियन सोसायटीपुढे आपले दोन्ही शोध मांडले. त्याच सभेत ब्राउन नावाच्या विद्यार्थ्याने मन हे शरीराहून वेगळे नाही अशा आशयाचा निबंध वाचला आणि त्याची नोंद इतिवृत्तातून नंतर खोडण्यात आली. कोणाचे काय लिहून ठेवायचे आणि कोणाचे पुसायचे, याचा निर्णय कसा होतो हे त्या एका संध्याकाळीच दिसून येते. त्याच वर्षी ग्रँटने जळवेच्या अंड्यांविषयीचा आपला लेख छापला तेव्हा ती प्रथम ओळखण्याचा मान त्याने आपल्या तरुण मित्राला, श्रूजबरीच्या चार्ल्स डार्विनला, नाव घेऊन दिला. तक्रार राहिली ती अर्धवटच.

म्हणजे गुरू आणि शिष्य यांच्यातला वाद श्रेयाचा होता आणि तो सुटलाही. दोघांनाही नावे होती म्हणून तो वाद होऊ शकला. ज्यांच्या होडीतून शिंपले वर आले त्यांचे नाव कोणी वगळले असे म्हणता येत नाही, कारण ते लिहावे असा नियमच नव्हता. शोधनिबंधाच्या रचनेत माणसाचे नाव येते ते दावेदार म्हणून. मदतनीस येतो तो 'काही मच्छीमार' असा अनेकवचनात. डार्विन कृतघ्न नव्हता. ४९ वर्षांनी त्याला त्या होड्या आठवल्या आणि 'मैत्री' हा शब्द त्याने वापरला. तरी नावे तेथे नाहीत.

याच आत्मचरित्रात याला जोड म्हणावी अशी आणखी एक जागा आहे. पक्ष्यांत पेंढा भरण्याची कला डार्विन एडिंबरा येथेच शिकला. शिकवणारा कृष्णवर्णीय होता, वॉटर्टन या प्रवाशाबरोबर हिंडलेला. डार्विन त्याला पैसे देऊन शिकला. त्याचा सहवास सुखाचा होता आणि तो बुद्धिमान होता असे तो लिहितो, पण नाव देत नाही. दक्षिण अमेरिकेतील गयाना येथे गुलामीत जन्मलेल्या आणि पुढे मुक्त झालेल्या त्या माणसाचे नाव जॉन एडमनस्टन होते, हे विसाव्या शतकातल्या संशोधकांनी शोधून काढले. डार्विनने 'बीगल'वरून पाठवलेले पक्षी टिकले त्यामागे या शिक्षणाचा वाटा होता. एडमनस्टन यांना दीडशे वर्षांनी का होईना नाव परत मिळाले. न्यूहेवनच्या होडीला ते मिळालेले नाही.

पण न्यूहेवनच्या माणसांचे चेहरे मात्र आपल्याला मिळाले, आणि तेही फार वेगळ्या वाटेने. डार्विन १८२७च्या वसंतात एडिंबरा सोडून गेला. त्यानंतर सोळा वर्षांनी डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल हा चित्रकार आणि रॉबर्ट ॲडमसन हा तरुण छायाचित्रकार यांची जोडी याच शहरात जमली. छायाचित्रण नुकते जन्माला आले होते. टॅलबटच्या कॅलोटाइप पद्धतीचे एकस्व इंग्लंडमध्ये लागू होते, स्कॉटलंडमध्ये नव्हते, म्हणून एडिंबरा येथे ते मुक्तपणे वापरता आले. १८४३ ते १८४७ या काळात या दोघांनी न्यूहेवनची शंभराहून अधिक छायाचित्रे घेतली. होडीला टेकून उभा असलेला मच्छीमार, वाळूवर बसलेली मुले, टोपल्या घेतलेल्या बाया. फोर्थच्या खाडीतल्या मच्छीमार स्त्रीपुरुषांवर एक संग्रह काढण्याची जाहिरात त्यांनी १८४४ साली दिली होती. तो जाहिरातीप्रमाणे निघाला नाही. ॲडमसन १८४८च्या आरंभी, २६ वर्षांचा असताना वारला.

या छायाचित्रांपैकी एकाविषयी वॉल्टर बेंजामिनने १९३१ सालच्या आपल्या छायाचित्रणाच्या लघु इतिहासात लिहिले आहे. चित्र आहे न्यूहेवनच्या एका मासेवालीचे. तिची नजर खाली वळलेली आहे. बेंजामिनचे म्हणणे थोडक्यात असे : रंगवलेल्या व्यक्तिचित्रात काळ लोटला की बसलेल्या माणसाविषयीची उत्सुकता संपते आणि चित्रकाराची कला तेवढी उरते. छायाचित्राचे तसे होत नाही. छायाचित्रकाराच्या कौशल्याचे श्रेय देऊन झाल्यावरही काही शिल्लक राहते, आणि ते शिल्लक राहिलेले तिचे नाव मागत राहते, कारण ती बाई खरोखर होती. पुढच्या अभ्यासकांनी ते नाव दिले आहे : एलिझाबेथ जॉन्स्टन हॉल. बेंजामिनच्या मागणीला उत्तर मिळाले, ते गावाने आपली माणसे ओळखून ठेवली म्हणून आणि पुढे संग्रहालयांनी ती ओळख जपली म्हणून.

बेंजामिनचा हा विचार आम्हांला डार्विनच्या वहीलाही लावावासा वाटतो. शोध वाचून झाला, जळवेचे नाव कळले, डार्विनच्या बुद्धीला दाद देऊन झाली, तरी वहीत काहीतरी उरते. 'मोठी मिरी' हे दोन शब्द कोणाच्या तरी तोंडचे आहेत. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी कोणीतरी शिंपला उलटा करून त्या मुलाला दाखवला आणि तो शब्द उच्चारला. शास्त्राने त्या शब्दाची गरज संपवली. उच्चारणाऱ्याची आठवण मात्र तो शब्द संपू देत नाही.

होडीतून मिळालेले फक्त नमुने आणि शब्द नव्हते, हत्यारही तेथूनच आले. एडवर्ड फोर्ब्ज हा आइल ऑफ मॅनचा मुलगा १८३१ साली वैद्यक शिकायला एडिंबरा येथे आला आणि डार्विनप्रमाणेच वर्ग सोडून फोर्थच्या खाडीत ड्रेज ओढू लागला. त्याने पदवी घेतली नाही. त्याच्या पुढाकाराने ब्रिटिश असोसिएशनने १८३९ साली ड्रेजिंगसाठी खास समिती नेमली आणि समुद्रतळाचा पद्धतशीर शोध सुरू झाला. निसर्गअभ्यासकांचे ड्रेज हे कालवे काढणाऱ्यांच्या ड्रेजचेच थोडेफार बदललेले रूप होते. इतकेच काय, फोर्ब्जने आपल्या मित्रमंडळींसाठी ड्रेजवर एक गाणेही रचले. मच्छीमारांकडून हत्यार घेतले, त्यासोबत गाणेही आले. पुढे 'चॅलेंजर' जहाजाची १८७२ ते १८७६ची जगप्रदक्षिणा एडिंबरा विद्यापीठातील प्राध्यापक वायव्हिल थॉमसन यांच्या नेतृत्वाखाली झाली, आणि १८८४ साली न्यूहेवनच्या शेजारीच ग्रँटन येथे सागरी संशोधन केंद्र उघडले. होडीतला पाहुणा विद्यार्थी आता स्वतःच्या जहाजाचा धनी झाला होता.

आणि त्याच काळात होडीवाल्यांची कालवे संपत आली होती. भरभराटीच्या दिवसांत फोर्थच्या खाडीतून वर्षाला सुमारे ३ कोटी कालवे निघत असे सांगितले जाते. लहान, न वाढलेली कालवेही इंग्लंड आणि हॉलंडकडे, तेथील पट्ट्यांत वाढवण्यासाठी, विकली जाऊ लागली. पट्ट्यांच्या मालकीचे आणि खंडाचे वाद न्यायालयांत गेले. न्यूहेवनच्या मच्छीमारांना यात निव्वळ बळी ठरवणे खरे होणार नाही. त्यांच्याही हातांनी बीज विकले गेले, आणि ज्या ड्रेजने त्यांचे घर चालवले त्याच ड्रेजने तळही खरवडला. पण ज्यांना पट्ट्यांच्या जागा तोंडपाठ होत्या त्यांचे म्हणणे धोरण ठरवणाऱ्यांनी पुरेसे ऐकले, असेही म्हणवत नाही. विसावे शतक सुरू होईतो हा धंदा संपल्यात जमा होता. कालवे गेली तशी त्यांच्यावर चिकटून राहणारी सृष्टीही गेली, कारण शिंपल्यांचा थर हेच त्या सपाट चिखलातले घट्ट घर होते. डार्विनने मिरी वेचली ती जमीन उरली नाही.

२०२३ सालापासून फोर्थच्या खाडीत युरोपीय चपटी कालवे पुन्हा सोडण्याचे काम सुरू झाले. किनाऱ्यावरच्या वस्त्यांतील स्वयंसेवक शिंपले साफ करतात, मोजतात, नोंदवतात. अशा कामात पहिला प्रश्न येतो तो हा की, पूर्वी कालवे नेमकी कोठे होती. याचे उत्तर जुन्या न्यायालयीन कागदांत, विक्रीच्या हिशेबांत आणि निसर्गअभ्यासकांच्या वह्यांत तुकड्यातुकड्यांनी सापडते. ज्यांना ते पूर्णपणे ठाऊक होते त्यांचे ज्ञान दोन खुणांच्या रेषांत होते आणि ते त्यांच्याबरोबर गेले. नाव न लिहिल्याचा तोटा केवळ त्या माणसाचा होतो असा समज असेल तर तो येथे दूर व्हावा. माणसाचे नाव लिहिले असते तर त्याला पुन्हा विचारता आले असते, त्याच्या मुलाला विचारता आले असते. 'काही मच्छीमार' या अनेकवचनाला कोणी जाऊन काही विचारू शकत नाही.

अठरा वर्षांच्या मुलाकडून १८२७ साली ही अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. आमचा रोख त्याच्यावर नाही. रोख आहे तो त्यानंतर रूढ झालेल्या नोंदवहीच्या चौकटीवर. विद्यार्थ्यांच्या समुद्रसहली आज जगभर निघतात, आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरही निघतात. त्यांच्या वह्यांत तारीख असते, ओहोटीची वेळ असते, खोली असते, अक्षांश-रेखांश असतात, प्राण्याचे दोन शब्दांचे लॅटिन नाव असते. होडी कोणाची, जागा कोणी दाखवली, आणि त्या जीवाला तो माणूस स्वतःच्या बोलीत काय म्हणतो, यासाठी रकाना क्वचित असतो. असा रकाना आखायला पट्टी आणि पेन्सिल पुरते. सांगणाऱ्याची संमती घेऊन तो भरावा, आणि छापताना गाळू नये. डार्विनच्या वहीत त्या रकान्यापुरते दोन शब्द चुकून शिरले, आणि जवळजवळ दोनशे वर्षांनी त्यांच्याच आधाराने आम्हांला त्या होडीपर्यंत जाता आले.